स्प्लेंडर सहा वर्षं पडून आहे. इंजिन उघडायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या नावावरची २००४ सालची हिरो होंडा स्प्लेंडर देवरुखजवळच्या गावी, घराच्या पडवीत, ताडपत्री टाकून सहा वर्षं उभी आहे. उभी केली तेव्हा नीट चालत होती. वडील आता नाहीत. किक खाली जाते, पण गाडी चालू होत नाही. जवळच्या गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या बघून ‘फुल इंजिन काढावं लागेल’ म्हणून सांगितलं. सुट्टीत घरच्या घरी स्वतः काही करता येईल का?

येईल. आणि किक खाली जातेय म्हटल्यावर इंजिन उघडायची भाषा आत्ताच कशाला? इंजिन झिजतं ते चालून. पडवीत उभं राहून पिस्टनच्या रिंगा झिजत नाहीत आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मोठं होत नाही. उभ्या गाडीत वाया जातं ते वेगळंच: पेट्रोल, रबर, केबली, बॅटरी, ब्रेक, आणि कोकणातली हवा असेल तर उघडं पडलेलं सगळं लोखंड. यातलं जवळजवळ काहीच इंजिनच्या पोटात नसतं. म्हणून पडून असलेली गाडी समोर आली की माझा क्रम ठरलेला असतो. आधी ऑइल आणि प्लग, मग टाकी, मग कार्बोरेटर, मग करंट (प्लगची ठिणगी), सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एवढं तपासूनही दाद दिली नाही तरच हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागाच्या, नटांना पाना लावायचा.

पण त्याआधी कपाटातून आरसी बुक काढा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची २०१९ मध्येच संपली. पुढचं नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांचं मिळतं, त्यासाठी फॉर्म २५. एप्रिल २०२२ पासून दुचाकीचं नूतनीकरण शुल्क १००० रुपये झालं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांपुढच्या दुचाकीला ते २००० केलं, आणि उशिराबद्दल दर महिन्याला ३०० रुपये जादा असा नियम आहे. महिने मोजून बघा, आकडा कुठल्या कुठे जातो. त्यावर महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर, १ एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून एचएसआरपी नंबर प्लेट, विमा आणि पीयूसी. मूळ मालक हयात नसल्यामुळे आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून काय काय थकलंय ते बघा आणि बेरीज मांडा. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक जुन्या गाड्यांना पान्यापेक्षा कागद महाग पडले. वडिलांची गाडी आहे, तुम्ही ती तरीही चालू करणार हे मला कळतं. फक्त आकडा आधी माहीत असलेला बरा.

कागदांशी जोडलेली एक गोष्ट गाडीवरही आहे. हँडलखाली फ्रेमच्या गळ्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. आरटीओत गाडी दाखवताना तो वाचता आला पाहिजे. कोकणात तिथे हमखास गंज धरतो. रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसा, वरून ग्रीसचा पातळ हात द्या. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावून अक्षरं पुसट केलीत तर चालू झालेली गाडीसुद्धा पडवीतच राहील.

आता कामाला लागू. पहिली सूचना: किक मारणं थांबवा. सहा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं. कोरड्या भिंतीवर रिंगा घासत आणण्यात फायदा काही नाही. त्यात गावातले लोक येता-जाता ‘बघू रे जरा’ म्हणत दहा-दहा किक मारून जातात. प्लग काढून ठेवा म्हणजे तो प्रश्नच मिटला. प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यातली माती हवेने किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर सगळी आत जाते.

प्लगच्या भोकातून आत ऑइल सोडायचं हे सगळेच सांगतात, पण स्प्लेंडरचं इंजिन आडवं आहे हे कोणी सांगत नाही. १९८५ च्या सीडी १०० पासून आलेलं हे ९७.२ सीसीचं इंजिन. त्याचा सिलिंडर बुलेटसारखा उभा नसून पुढे तोंड करून जवळजवळ झोपलेला असतो. उभ्या सिलिंडरमध्ये ऑइल पिस्टनच्या डोक्यावर साचतं आणि चहूबाजूंनी रिंगांत झिरपतं. आडव्यात ते खालच्या भिंतीला साचून राहतं, वरची बाजू कोरडीच. म्हणून पुढचं चाक एखाद्या पायरीवर किंवा विटांच्या थरावर चढवा आणि मागून भक्कम टेकू द्या, म्हणजे हेडची बाजू वर येईल. सिरिंजला बारीक नळी लावून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आत सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लगच्या भोकावर फडकं धरून हाताने, हो, हातानेच, किकचा दांडा सावकाश दाबून इंजिन फिरवा. फडक्यावर जे येईल ते बघा. तांबूस पाणी आलं तर आत गंजाची सुरुवात आहे, पण इंजिन फिरतंय तोवर घाबरायचं कारण नाही.

तुमची किक खाली जाते म्हणून तुमचं इथेच निभावलं. ज्यांचं इंजिन जाम आहे त्यांनी ऑइलऐवजी डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं घालून चार-आठ दिवस धीर धरावा, रोज थोडं नवीन घालावं. मग किकवर उभं राहायचं नाही. किकचे दाते तुटले की इंजिनचं पोट उघडावंच लागतं. डाव्या कव्हरवर दोन गोल झाकणं असतात, त्यातलं मधलं उघडलं की मॅग्नेटचा (इंजिनबरोबर फिरून करंट बनवणाऱ्या चाकाचा) नट दिसतो. त्याला पाना लावून इंजिन घड्याळाच्या उलट दिशेला हळूहळू दाबायचं. किंवा टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे डोलवायचं. केसभर हललं तरी पुरे, उरलेलं दुसऱ्या दिवशी. हातोडा कुठेच नाही.

ऑइल काढा. सेंटर स्टँडवर गाडी घेऊन खालचा १७ नंबरचा बोल्ट सोडा आणि ऑइल स्वच्छ पांढऱ्या डब्यात धरा. काळं आलं तर ठीक, ते जुनं झालंय एवढंच. आधी पाण्याचे थेंब पडून मग ऑइल आलं तर हवेतला ओलावा आत साठलाय. कोकणात हे चालायचंच. पण दुधाच्या चहासारखं फेसाळ, फिकट ऑइल आलं तर थांबा आणि घरच्यांना विचारा की गाडी कधी पाण्यात होती का. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कित्येक वरून धुऊनपुसून कुठल्या तरी पडवीत अजून उभ्या आहेत. पुराच्या पाण्यात गाळ असतो आणि तो बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. अशी गाडी या उत्तरातल्या पद्धतीने चालू करू नका. तिचं इंजिन खरंच उघडून धुवावं लागतं, आणि तिथे गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर आहे.

ऑइल काळं आलं असेल तर नवीन भरा. एक लिटरचा १०डब्ल्यू-३० चा डबा आणा, त्यावर जॅसो एमए (दुचाकीच्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल स्वस्त किंवा ‘जास्त चांगलं’ म्हणून घालू नका. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरायला लागतो. पूर्ण डबा ओतायचा नाही. डिपस्टिक नुसती आत टेकवून, आटे न फिरवता, वरच्या खुणेपर्यंत भरा. हे ऑइल पहिल्या धुण्याचं आहे, थोड्याच दिवसांत काढून टाकायचंय, तेव्हा फार महागाचं नको.

टाकी ही खरी गोष्ट. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. तुमच्या टाकीत त्याच्या आधीचं, कमी इथेनॉलचं पेट्रोल असेल, पण स्वभाव तोच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी पुरेसं झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाला जाऊन बसतात, नेमकी जिथे कॉकची तोटी असते तिथे. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून उन्हात धरा. दोन थर दिसले किंवा जुन्या व्हार्निशच्या डब्यासारखा आंबूस-कडू वास आला तर ते पेट्रोल कामाचं नाही. नव्यात मिसळून ‘संपवून टाकू’ हा विचार मनातून काढा. गटारात किंवा परसात ओतू नका, झाकणाच्या डब्यात ठेवून गॅरेजला द्या. सुटे भाग धुवायला ते घेतात.

टाकी उतरवा, सीट काढली की मागचा बोल्ट दिसतो. कॉक काढा, त्याच्या वरच्या टोकाला जाळी असते, ती बहुतेक फाटलेली किंवा शेवाळल्यासारखी असेल. आत टॉर्च मारून बघा. पिवळसर डाग असतील तर नुसतं पेट्रोल घालून खळखळवून दोनदा धुतलं तरी भागतं. तांबडी खवलं दिसली तर लिंबूसत्व आणा, किराणा दुकानात मिळतं तेच. आधी टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून, साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. मग कॉकच्या भोकाला रबरी बूच मारा, एका लिटर कडकडीत पाण्याला मूठभर लिंबूसत्व या हिशेबाने टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. काठोकाठ अशासाठी की गंज वरच्या छतालाच जास्त असतो. सकाळी हिरवट-काळं पाणी ओता आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा विसळा. त्यानंतर वेळ घालवायचा नाही. उघडं झालेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला लागतं. उन्हात आणि हवेच्या झोताने लगेच वाळवून पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळून आतून फिरवा. काही जण टाकीत खडी किंवा नट टाकून हलवतात. चालतं, पण आत घातलेले नट मोजून घाला आणि मोजून काढा.

टाकीला बारीक भोक सापडलं तर घरी काही करू नका. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीवर वेल्डिंगची ज्योत धरणं म्हणजे बॉम्ब पेटवणं. ज्याला टाकीचं काम माहीत आहे तोच माणूस शोधा. आणि हे सगळं काम अंगणात करा, पडवीत नाही. जवळ चूल, उदबत्ती, विडी काहीही नको.

आता कार्बोरेटर. माझ्या मते तुमची गाडी इथेच अडली आहे. वाटीच्या तळाला एक निचऱ्याचा स्क्रू असतो, आधी तो सोडून बघा. काहीच आलं नाही किंवा मधासारखा चिकट थेंब आला तर निदान झालं. कार्बोरेटर उतरवा. वाटीचे स्क्रू कार्बोरेटरच्या मऊ धातूच्या अंगात गंजून बसलेले असतात आणि साध्या चौफुली स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी खाल्ली जातात. नेमक्या मापाचा ड्रायव्हर घ्या, वरून दाब द्या, हातोडीने ड्रायव्हरच्या मुठीवर हलका टोला मारा आणि मग फिरवा. इंजिनच्या कव्हरच्या स्क्रूंना तर ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हरच हवा. तो विकत घ्या. आटे गेलेल्या एका स्क्रूची मजुरी त्याच्याहून जास्त होते.

वाटी उघडल्यावर तळाशी हिरवट-पांढरी भुकटी आणि तांबूस पापुद्रा दिसेल. मधल्या खांबात दोन पितळी जेट असतात. मोठा मेन जेट, त्याचं भोक उजेडाकडे धरलं की सहज दिसतं. शेजारचा लांबट, बारीक तो स्लो जेट. त्याचं भोक केसाएवढं, आणि सहा वर्षांच्या साक्यानं तेच आधी बुजतं. गाडी चोकवर चालू होते आणि चोक खाली केला की बंद पडते, ही तक्रार घेऊन जितके लोक येतात तितक्यांचा गुन्हेगार हाच जेट. त्यात टाचणी किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते आणि कारण सापडत नाही. विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एकच तार सोलून घ्या, ती घालून हलकेच फिरवा. मग कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि पंक्चरवाल्याकडची हवा. उजेडाकडे धरल्यावर गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर पुन्हा.

बाहेरच्या बाजूचा एअर स्क्रू काढण्याआधी तो घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बसवा आणि किती आटे फिरला ते लिहून ठेवा, म्हणजे परत तिथेच आणता येईल. क्लीनर मारण्याआधी रबरी रिंगा आणि वॉशर बाजूला काढा, ते फुगतात. फ्लोटची सुई बघा; टोकाला घासून कडं पडलं असेल तर बदला, नाहीतर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल खाली गळत राहील. कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जाड पॅकिंगची रिंग कडक झालेली असते, तीही नवी. तिथून हवा ओढली गेली तर तुमची सगळी सफाई फुकट. पेट्रोलची नळी जुनी ठेवूच नका.

एअर फिल्टरचा डबा उघडताना हात जरा मागे ठेवा. पडवीतल्या गाडीत उंदरांचं घर मिळण्याची हीच जागा. फोमचा फिल्टर हात लावल्यावर चुरा झाला तर नवा घ्या, फिल्टर न लावता चालवू नका. तसंच सायलेन्सरच्या तोंडात बघा. कुंभारीण माशी तिथे आणि कार्बोरेटरच्या हवेच्या नळ्यांत चिखलाची घरटी बांधते. आत मातीचं बूच असलं तर इंजिनने श्वास सोडायचा कुठून?

करंट तपासायला नवा प्लग आणा. जुना घासून बघत बसू नका. ०.६ ते ०.७ मि.मी. फट ठेवा, कॅपमध्ये बसवा, प्लगचं लोखंड हेडला टेकवा आणि किक मारा. पेट्रोलचा डबा तिथून लांब. निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. जुन्या स्प्लेंडरचं एक बरं आहे: तिचा करंट मॅग्नेटमधून थेट येतो, बॅटरी मेलेली असली तरी किकवर गाडी चालू होते. त्यामुळे आधी बॅटरी घ्यायला धावू नका. ठिणगी नसेल तर पहिली शंका प्लगच्या कॅपवर, दुसरी उंदरांनी कुरतडलेल्या वायरींवर, तिसरी चावीच्या स्विचवर. या गाड्यांत चावी बंद केली की काळ्या वायरवर पांढरी रेघ असलेली वायर करंट जमिनीला सोडते. स्विच आतून गंजला की चावी चालू असूनही गाडीला ती बंदच वाटते. सीडीआयजवळ (ठिणगीची वेळ साधणाऱ्या छोट्या डबीजवळ) ती एक वायर सोडून किक मारून बघा. ठिणगी आली तर दोष स्विचचा. सीडीआय आणि कॉइल हे सगळ्यात शेवटी. गॅरेजांत मात्र बदलायला तेच पहिल्यांदा निघतात.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघून घ्या. मॅग्नेटवरची टी खूण कव्हरच्या खुणेसमोर आणा, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल असल्याची खात्री करा, आणि थंड इंजिनवर ०.०५ मि.मी.ची पट्टी सरकते का ते पाहा. अगदी घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगल्या इंजिनचंसुद्धा कॉम्प्रेशन गेल्यासारखं वाटतं. ‘फुल इंजिन’ सांगितलेल्या गाड्यांत मी हे पाहिलेलं आहे.

आता चालू करायची. टाकी अजून बसवू नका. सलाईनची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन, वाळवून, तिच्यात पाव-अर्धा लिटर ताजं पेट्रोल घ्या आणि हँडलला टांगून नळी कार्बोरेटरला जोडा. गॅरेजमध्ये असंच करतात. चालू झाली नाही तर दोष टाकीचा की इंजिनचा हा घोळ राहत नाही. चोक ओढा, थ्रॉटल अजिबात देऊ नका. आधी चावी बंद ठेवून दहा-बारा सावकाश किक, ऑइल वर चढायला. मग चावी चालू. पहिल्यांदा फट् करून बंद पडेल, पुन्हा मारा. चालू झाली की रेस करायचा मोह आवरा. आपण घातलेलं ऑइल जळून निळा-पांढरा धूर अंगणभर होणार, शेजारी बघायला येणार, त्याने हलून जाऊ नका. मिनिटाभराने वरच्या टॅपेटचं झाकण थोडं सैल करा. तिथून ऑइल पाझरलं म्हणजे पंप चालतोय. पाझरलं नाही तर लगेच बंद करा.

धूर दहा-पंधरा मिनिटांत कमी होत गेला तर विषय संपला. गरम झाल्यावर ते ऑइल ताबडतोब काढून नवीन भरा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. एवढ्या स्वस्तात इंजिन धुण्याचा दुसरा मार्ग नाही. या इंजिनला कागदी ऑइल फिल्टर नसतो, आत जाळी आणि गरगर फिरून कचरा फेकणारी वाटी असते. त्यामुळे कचरा बाहेर काढायचा तर ऑइलबरोबरच.

पहिला गिअर टाकताना मागचं चाक जमिनीवरून उचललेलं असू द्या. उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच दाबूनही गाडी उडी मारते. इंजिन गरम झालं की क्लच दाबून धरून मागच्या ब्रेकवर हलका पाय द्या, बहुतेक वेळा टक्कन सुटतात.

चालू झाली, पण रस्त्यावर काढू नका. थांबणं अजून तपासलेलं नाही. दोन्ही चाकं काढा. ब्रेक लायनर ड्रमला चिकटलेले असतील, लायनरचा थर लोखंडापासून सुटलेला असेल तर तो धावत्या चाकात अडकून चाक जाम करतो. लायनर नवे, दोन्ही. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेकची आणि क्लचची केबल ऑइल सोडून वाचवण्यात अर्थ नाही. बाहेरून चांगली दिसणारी केबल आत एकेका तारेने तुटत असते.

टायरची फुलं कितीही उंच असोत, बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. ३२०९ असेल तर २००९ सालच्या ३२व्या आठवड्यातला टायर. भिंतीला बोटाने वाकवलं की बारीक भेगा उघडतात. २.७५-१८ चे नवे दोन टायर आणि ट्यूब हा गाडीवरचा तुमचा सगळ्यात मोठा खर्च असेल, आणि तोच वाचवायचा नाही. चेन मात्र बंद चेनकव्हरमुळे बरीचदा वाचलेली असते. रॉकेलमध्ये धुऊन, ऑइल देऊन, खालच्या बाजूला साधारण २५ मि.मी. ढील ठेवली की झालं. पुढचं चाक उचलून हँडल डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्ये खाच लागल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. शॉकअपच्या दांड्यांना गंजाचे खड्डे असतील तर नवे ऑइल सीलही महिनाभरात फाटतील. दांड्याच बदला. बॅटरी आता घ्या, १२ व्होल्टची छोटी. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट तिच्यावर आहेत.

आणि इंजिन उघडावं लागलंच तर? ते असं ओळखा. टॅपेट बरोबर आहे, ठिणगी निळी आहे, कार्बोरेटर स्वच्छ आहे, तरी प्लगच्या भोकावर धरलेला अंगठा किक मारल्यावर उडत नाही. मग एक चमचा ऑइल आत घालून (पुढचं चाक पुन्हा वर) तेच करून बघा. अंगठा उडाला तर रिंगा-बोअर गेलेत. तरीही उडत नसेल तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. नुसतं हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवले की काम होतं, खालचं पोट उघडायचं कारण नाही. चालू झालेली गाडी वीस-पंचवीस किलोमीटरनंतरही निळा धूर देत असेल आणि डिपस्टिकवर ऑइल उतरत असेल, तर हेड-सिलिंडरचं हाफ इंजिन. क्रँकमधून (खालच्या पोटातल्या मुख्य दांड्यातून) खटखट आवाज असेल तरच फुल. गॅरेजवाल्याला विचारायचं ते एवढंच: यापैकी काय, आणि कशावरून. बोअर मोजलं का, ०.२५ चा ओव्हरसाइज पिस्टन बसणार की ०.५० चा, हे त्याने माप दाखवून सांगितलं पाहिजे, आणि काढलेले जुने पार्ट तुमच्या हातात परत दिले पाहिजेत.